तळाच्या घडीतली ओळ

रविवार, ६ ऑगस्ट

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. याच्यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे. पण या खेपेला विनंती तुझी आहे आणि ती मी मानणार नाही, म्हणून ते दोन शब्द गाळले. रागावू नकोस असंही लिहीत नाही. रागाव. कागद आहे, ऐकून घेईल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. सकाळी गॅलरीत बसून खालच्या गाड्यांना शिकवणी देते. काल एका टॅक्सीवाल्याला वरून ओरडली, “अरे, आरसा काय भांग पाडायला दिलाय का?” तो बिचारा वर बघून हात जोडून गेला. इतकी वर्षं बस चालवून निवृत्त झाली, पण रस्ता अजून तिच्याच ताब्यात आहे. मशीनवरचे काका तुझी आठवण काढतात. नवा रोलर बसवलाय, आता छपाईत लाल रंग पसरत नाही.

गुरुवारी भाओजी शेडवर आले होते, तुझा निरोप घेऊन. बसले, चहा घेतला, मशीनकडे बघून “वा, छान चाललंय” म्हणाले. मग खिशातून कागद काढला. मजकूर तुमच्या वकिलांनी तयारच करून दिला होता. मी फक्त माझ्या छापखान्याच्या लेटरहेडवर उतरवून सही करायची. म्हणे, बिस्किटांच्या डब्याचा आराखडा आमच्याकडे तयार झाला, त्यात आमच्या नजरचुकीने ‘यात शेंगदाणा आहे’ ही सूचना तळाच्या घडीत गेली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

“तुला काहीच होणार नाही गं,” भाओजी म्हणाले. “कायदा माल बनवणाऱ्याला धरतो, छापणाऱ्याला नाही. फार तर समज देतील. आणि तुझ्या ताईचं सगळं वाचेल.”

“आणि नाही दिलं तर?”

भाओजींनी कप खाली ठेवला. उठले, शेडच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “जुनी झाली नाही का गं ही? ताई म्हणत होती, विकून टाकावी.”

माणूस वाईट नाही, ताई. धमकी देताना माझ्याकडे बघायचंही त्यांना जमलं नाही.

तर उत्तर दोन्हीचं एकदमच घे. कागद मी देणार नाही. शेड रिकामी करते.

शेडचे उपकार मी विसरलेले नाही. माझ्या जुन्या गाळ्याचं छप्पर कोसळलं, तेव्हा तूच म्हणाली होतीस, “माझी शेड पडूनच आहे, आण तुझं धूड तिकडे.” मशीन आत घेताना तू स्वतः दोर धरला होतास, आणि तुझ्या नव्या साडीला ग्रीस लागलं तर हसली होतीस. लहानपणी आई पहाटेच्या पाळीला जायची, बाबा स्वयंपाकघरात असायचे, माझी वेणी तूच घालायचीस. इतकी घट्ट, की शाळेत दिवसभर भुवया वर राहायच्या. हे सगळं जमेला धरून मी नाही म्हणते आहे. नसतं धरलं, तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

भाओजींनी जाता जाता आणखी एक विचारलं. “अन्न खात्याकडे तक्रार तूच केलीस ना?” मी गप्प बसले. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला असेल. घेऊ दे.

आता जे झालं ते एकदा सरळ लिहून काढते. तू विसरली असशील म्हणून नाही. तुला सगळं आठवत असणार, आणि तरीही तू तो कागद पाठवलास, म्हणून.

तू डब्याचं काम घेऊन आलीस तेव्हा मला काय वाटलं होतं, सांगू? शेडमध्ये मी काकांना दोनदा म्हटलं, “माझ्या ताईचं काम आहे, कागद चांगला लावा.” बाबांच्या बिस्किटांची कृती तू वर्षानुवर्षं तुझ्या ओट्यावर करून बघितलीस, मग भाड्याचा कारखाना घेतलास, आता दुकानादुकानांत जाणार होतीस. माझी छाती तुझ्यापेक्षा जास्त फुगली होती.

मग फोटो आला. आई, अंगात एप्रन, हातात लाकडी डाव, डोळ्यांत माया. मी पोट धरून हसले. आपल्या आईच्या हातचं फक्त स्टिअरिंग चांगलं, हे सगळ्या गल्लीला माहीत. तिने एकदा दूध तापवलं तर भांडं फेकावं लागलं होतं. तू तिला वाढदिवसाचा फोटो काढू म्हणून स्टुडिओत नेलंस आणि गमतीगमतीत एप्रन चढवलास. तिला वाटलं, घरात लावायचा आहे.

प्रूफ बघायला तू आलीस ती त्या जाहिरातवाल्याला घेऊन, तो दाढीवाला, सारखा हातांनी हवेत चौकटी करणारा. मी प्रूफ टेबलावर पसरलं होतं. लाल पेनाने खुणा केल्या होत्या. पुढच्या बाजूला बदामांचा डोंगर, खाली मोठ्या अक्षरांत ‘बदामाची बिस्किटं’.

“बदाम किती आहे?” मी विचारलं.

“आहे ना.”

“किती?”

“वासापुरता,” तू म्हणालीस.

“आणि शेंगदाणा?”

तू त्याच्याकडे बघितलंस. तो म्हणाला, “मॅडम, बदाम विकला जातो, शेंगदाणा खाल्ला जातो.” आणि स्वतःच हसला.

मी म्हटलं, चित्रात जे दाखवाल ते डब्यात असलं पाहिजे. नावात जे सांगाल ते किती आहे हे लिहिलं पाहिजे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, जास्त ते आधी. बदाम मिठाच्याही खाली बसेल, बसू दे. ‘साखर नाही’ काढा, ग्लुकोजचा पाक घातलाय. साखरेने आडनाव बदललं म्हणून ती परक्याची होत नाही. ‘घरी बनवलेली’ काढा, कारखान्यात बनते. ‘मुलांची बुद्धी वाढवते’ काढा.

“का? वाढत नाही असं कुठे सिद्ध झालंय?” जाहिरातवाला.

“वाढत असती तर तुम्ही एव्हाना डबाभर खाल्ली असती,” मी म्हटलं. काका मशीनमागे खोकले. तूसुद्धा ओठ दाबलेस, ताई. मी पाहिलं.

मग शेंगदाण्याची सूचना. मी ती मागच्या बाजूला, घटकांच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत, चौकटीत घातली होती. डबा न उघडता, उजेडात, चष्मेवाल्याला वाचता आली पाहिजे. ज्याला शेंगदाणा सोसत नाही, त्याच्यासाठी डब्यावरचं बाकी सगळं नक्षीकाम असतं. एवढी एकच ओळ त्याच्या कामाची. जाहिरातवाल्याचं म्हणणं, त्या चौकटीने डबा औषधाच्या खोक्यासारखा दिसतो. तिथे बुद्धीचं सोनेरी पदक शोभेल. सूचना तळाला टाकू. तळाला घडी येते, मी म्हटलं, डिंक लागला की ती ओळ गेली. तो म्हणाला, “छापली तर आहे ना? कायदा छापा म्हणतो.”

“कायदा वाचता यावं म्हणतो.”

“नकटे,” तू म्हणालीस, तेव्हाही हसतच, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं माझ्या एका डब्याला तुझी विघ्नं. तू छापखानेवाली आहेस, अन्न निरीक्षक नाहीस.”

मी म्हटलं, असं मी छापणार नाही. तू हसायची थांबलीस. दुसऱ्या दिवशी तुझा माणूस येऊन आराखड्याची फाइल घेऊन गेला, आणि डबे दुसरीकडे छापून झाले.

इथे एक कबूल करते. तेव्हा मला राग आला तो शेंगदाण्याचा नव्हता. माझ्या बहिणीचं काम दुसऱ्याच्या मशीनवर चढलं, याचा होता. महिनाभर मी तुझ्या डब्याला हातसुद्धा लावला नाही. दुकानात दिसला की मान फिरवायची. फिरवली नसती, तर तळ मीच फोडून बघितला असता.

आणि आणखी एक. त्या प्रूफवर इतक्या लाल रेघा मारल्या, पण ‘आईच्या हातची’ या शब्दांवर मारली नाही. तू म्हणालीस, “अगं, ते भावनेने म्हणायचं असतं.” मी मानलं. भावना आहे, असू दे, भावनेने कुणाचा घसा सुजत नाही, असं मला वाटलं.

आईने तो डबा पहिल्यांदा पाहिला तो कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदार कौतुकाने म्हणाला, “आजी, तुम्ही तर फेमस!” आई डबा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “मी बस चालवायचे हो. बिस्किटं माझा नवरा करायचा.” घरी येऊन मला म्हणाली, “थोरलीने मला विचारायला पाहिजे होतं.” बास, एवढंच. तुला फोन करू का विचारलं तर नको म्हणाली. “तिचा धंदा वर येतोय, राहू दे.” लेकीसाठी तिने तो एप्रनसुद्धा गिळला.

त्यानंतर पंधरवड्याने, भर दुपारी, एक बाई दारात आली. पस्तिशीची असेल. हातात तुझा डबा. आईला बघून म्हणाली, “ड्रायव्हरबाई, ओळखलंत का?”

आईने ओळखलं नाही. बाईने सांगितलं. कॉलेजला ती आईच्या बसने जायची. परीक्षेच्या दिवशी उशीर झाला, लांबून पळत येताना दिसली, तर आईने स्टॉपवर बस थांबवून ठेवली होती. मागचे लोक ओरडत होते आणि आई म्हणाली होती, “घाई असेल त्याने उतरून चालत जावं.” बाई ते सांगताना हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

तिच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. सहा वर्षांची आहे. घरात शेंगदाणा येतच नाही, आणि कुठलीही वस्तू घेताना ती चारही बाजू वाचते. तुझा डबाही वाचला. “घटकांत नुसता ‘सुकामेवा’ लिहिलाय, कुठेच शेंगदाणा दिसला नाही. मग पुढचा फोटो बघितला आणि म्हटलं, या बाई आहेत म्हणजे काळजी नाही.”

मुलीने अर्धं बिस्किट खाल्लं. ओठ सुजले, मग घसा. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तेव्हा तिने तिथे, खुर्चीवर बसून, तो डबा सगळीकडून फाडला. तळाची डिंकाची घडी उचकटली तेव्हा ती ओळ दिसली.

मुलगी वाचली. आता बरी आहे. आवाज अजून घोगरा आहे.

बाई भांडायला आली नव्हती, ताई. हेच मला सोसलं नाही. ती विचारायला आली होती. “तुम्हाला माहीत होतं का?” एवढंच. आई म्हणाली, “नाही.” बाई म्हणाली, “मला वाटलंच होतं.” आणि डबा टेबलावर ठेवून गेली.

आई त्या डब्यासमोर बसून राहिली. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. शेवटी म्हणाली, “माझ्या बसमधून पोर पडलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? दार कंपनीचं होतं?”

मग उठली आणि बूट घालायला लागली. कामावरचे काळे बूट, ते तिने अजून टाकलेले नाहीत. मला कळलं ती कुठे निघाली आहे. मी दारात आडवी झाले. म्हटलं, “आई, अगं ताई आहे ती.”

“म्हणून तर मी जाते. दुसऱ्या कुणाची असती तर तुला पाठवलं असतं.”

तर तक्रार आईने केली. मी तिला रिक्षात बसवलं आणि शेजारी बसले, एवढाच माझा वाटा. हे सांगायचं चार पानं टाळत होते. वाटत होतं, तू माझा दुस्वास करावास हे एक वेळ चालेल, तिचा नको. पण मघाशी तिने मला हे पत्र लिहिताना पाहिलं आणि म्हणाली, “माझं नाव लिहिलंस का? लिही. लपवाछपवी एका घरात एकीने केली तेवढी पुरे.”

आता सांग, कोणत्या नजरचुकीबद्दल मी दिलगीर होऊ?

सुनावणीला मी येईन. माझ्याबद्दल विचारलं तर माझ्या फाइलमध्ये ती ओळ कुठे होती ते सांगेन. तुझ्याबद्दल विचारलं तरी खरंच सांगेन. वकिलांना सांग, माझा कागद धरून चालू नका.

तुझी,
कागदावर आणि कागदाबाहेर एकच बोलणारी,
नकटी


रविवार, २० ऑगस्ट

प्रिय ताईस,

नमस्कार. आई बरी आहे. मीही. तू जेवतेस का नीट? भाओजी म्हणाले, दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाहीस.

अकरा तारखेच्या सुनावणीपासून तुझ्याशी मनातल्या मनात इतकं बोलले आहे, की हे पत्र लिहायची गरज उरली नाही असं वाटत होतं. पण मनातलं तुला पोचत नाही. म्हणून.

त्या खोलीत आपण तिघी एका भिंतीला पाठ लावून बसलो होतो, तुझ्या-माझ्यामध्ये तुमचे वकील. कितीतरी वर्षांत आपण तिघी एका बाकावर बसलो नव्हतो. समोर त्या अधिकारी बाई, नाक गळतंय, रुमाल हातात, आणि टेबलावर ओळीने तुझे डबे. आई सगळ्या डब्यांवरून आपल्याकडे बघत होती, आणि आई आपल्या शेजारीही बसली होती. मला एका क्षणी हसू फुटणार होतं.

वकिलांनी माझा कागद नसतानाही तेच सांगितलं. आराखडा छापखान्याने केला, चूक छापखान्याची, माझ्या अशील निर्दोष गृहिणी आहेत. गृहिणी! तुझ्याकडे कारखान्यात एवढी माणसं कामाला आणि तू गृहिणी. तुझी मान तेव्हाच खाली गेली होती.

अधिकारी बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, माझ्या आराखड्यात सूचना मागच्या बाजूला चौकटीत होती, ती तळाला नेऊ नका असं मी सांगितलं होतं, म्हणून काम माझ्याकडून गेलं. वकील म्हणाले, बहिणी-बहिणींत वितुष्ट आहे, जागेवरून वाद आहे, यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? त्या बाईंनी खांदे उडवले. मी खरं बोलूनही खोटी ठरणार, असं वाटलं.

तेवढ्यात आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

“आपण कोण?” बाईंनी विचारलं.

“डब्यावरची आई,” आई म्हणाली.

बाईंनी डब्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, रुमाल खाली ठेवला.

आई त्यांच्याशी बोललीच नाही. वळून तुझ्याकडे बघितलं. “थोरले, इकडे बघ. वकिलाकडे नको, माझ्याकडे. ती ओळ कोणी हलवायला सांगितली?”

वकील म्हणाले, “तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही.”

आई म्हणाली, “ती मला बांधील आहे.”

तू पर्सचा पट्टा खांद्यावर घेतलास. मला वाटलं, तू उठून जाशील. तू म्हणालीस, “मी. मी सांगितली. धाकटीने नको म्हटलं होतं.”

वकिलांनी फाइल मिटली. आई खाली बसली. तुझा हात तिने धरला नाही, ते मी पाहिलं. पण तिने तिची पिशवी तुमच्या दोघींमधून उचलून मांडीवर घेतली, तेही पाहिलं.

मग पुढचं सगळं तुला माहीत आहे. दुकानांतले सगळे डबे परत आणायचे, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, दंड भरायचा आणि नवा डबा मंजूर होईपर्यंत विक्री बंद. सूचनेचा मसुदा मी वाचला. ‘काही तांत्रिक कारणास्तव’ असं तुमच्या वकिलांनी घातलं आहे. ते काढ. ‘शेंगदाणा असूनही आम्ही तो दिसेल असा लिहिला नाही’ असं लिही. लोक शिव्या देतील. पण नेमक्या गोष्टीबद्दल देतील.

तू खरं बोललीस म्हणून तुझे आभार मानणार नाही. खरं बोलल्याचे आभार मानायची पाळी आपल्या घरात येऊ नये. जिन्यातून तू न बघता निघून गेलीस, तेव्हा मला तुझ्यामागे धावावंसं वाटलं. धावले नाही. पाय निघाले होते, मी थांबवले. मिठी मारून आपण दोघी रडलो असतो, हलक्या झालो असतो, आणि तुला वाटलं असतं, झालं, मिटलं.

मिटलेलं नाही.

भाओजी काल पुन्हा आले. या वेळी भिंतीवरून हात फिरवला नाही. “ताई म्हणते, शेड राहू दे, तुझीच आहे,” म्हणाले. मी म्हटलं, तिला सांगा, दिलदार आहे, पण मी शेड सोडली. काल सकाळीच मशीन हललं. एका जुन्या गॅरेजची अर्धी बाजू भाड्याने मिळाली आहे. दार अरुंद निघालं, काकांनी चौकटच उपटून काढली आणि मशीन आत गेल्यावर चौकट उलटी बसवली. आता दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या नाकाला लागतं. जमिनीत अजून तेलाचे डाग आहेत. कालचा पहिला कागद जरा तिरका छापून आला. पण ज्या छपराखाली मला सही मागितली जाते, त्या छपराखाली मला झोप येत नाही.

भाओजींनी हेही विचारलं, नवे डबे छापशील का? छापीन. इतर गिऱ्हाइकांसारखं छापीन. प्रूफ येईल, तू स्वतः यायचं, चष्मा लावून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं आणि सही करायची. जाहिरातवाल्याला आणलंस तर त्याला बाहेर उभा करीन, तिथे दार नाकाला लागेल. बदामाचा डोंगर नाही. बुद्धीचं पदक नाही. शेंगदाण्याची बिस्किटं आहेत, तर शेंगदाण्याची म्हणून विक. चांगली आहेत गं! बाबांची आहेत. त्यांना बदामाचा मुखवटा कशाला?

आणि आईचा फोटो नाही. मी तिला विचारलं, कारण विचारायचं असतं. ती म्हणाली, “फोटो लावायचाच असेल तर थोरलीने स्वतःचा लावावा. जी बनवते तिचं तोंड दिसू दे.”

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. परवा मी आणि आई त्या मुलीकडे गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत कुंड्या. मुलगी चुणचुणीत आहे. पुढचे दोन दात पडलेत. आवाज आता साफ झाला आहे. तिने आईला बस कशी वळवायची ते विचारलं, तर आईने जेवणाचं ताट हातात घेऊन घरभर वळून दाखवलं. पण चहाबरोबर तिच्या आईने आमच्यापुढे बिस्किटं ठेवली, तेव्हा ते पोर आपल्या खुर्चीसकट मागे सरकलं. कुणी काही बोललं नव्हतं. साधी बिस्किटं होती, दुसऱ्याच कुणाची. तिच्या आईने बशी आत नेली आणि परत येऊन इकडचं तिकडचं बोलत राहिली.

तू अजून तिकडे गेली नाहीस. दंड भरलास, डबे परत आणशील, वर्तमानपत्रात छापशील. ते सगळं कायद्याने सांगितलं म्हणून. हे कायद्यात नाही. त्यामुळे तुझ्याशिवाय हे कुणी करू शकत नाही.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. फोन करून जा. वकील नको, भाओजी नकोत, आई नको, मीही नको. भेटवस्तू नेऊ नकोस. माफी मागताना ‘पण’ म्हणू नकोस. ती बाई काय म्हणेल मला माहीत नाही. दार लावून घेईल कदाचित. तो तिचा हक्क आहे, उभी राहा.

निघताना मी तिला सांगून आले आहे, माझी बहीण येईल. कधी, ते सांगितलेलं नाही.

मला खोटी पाडू नकोस.

तुझीच,
धाकटी